घंटी ऐकू येईल तिथवर

६ जानेवारी

मावशी,

नमस्कार. सुरुवात कशी करावी हेच कळेना, म्हणून दोन कागद फाडून झाले. आई गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय तीही कामासाठी. स्वार्थी म्हण, काहीही म्हण, पण पत्र पुरतं वाच.

मी आता नकाशे करणाऱ्या कंपनीत आहे. डोंगर-नद्यांचे नकाशे नव्हेत. गावातला एकेक रस्ता घ्यायचा आणि त्यावर कुठलं दुकान, कुठला दवाखाना, बाक कुठे, झाड कुठे ते टाकायचं. त्यासाठी एक फिरता माणूस असतो. तो पायी हिंडून बघून येतो आणि आम्ही इथे खुर्चीत बसून ठिपके मारतो. तुमच्या गावाला जायची त्याची पाळी आली, तर पठ्ठ्या जिन्यावरून पडला आणि पाय मुरगळून घरी बसलाय. साहेब माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत. मग एकदम सुचलं, अगं, आपली मावशीच राहते की त्या रस्त्यावर!

तेवढा रस्ता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लिहून पाठव ना. कशाशेजारी काय आहे, एवढंच. फोन केला असता, पण फोन काकांच्या उशाशी असतो आणि मग तू नुसती हं हं करतेस.

काका कसे आहेत?

तुझी
ठमी


१५ जानेवारी

ठमे,

आलीस का एकदाची शुद्धीवर? कामासाठी का होईना, मावशी जिवंत आहे हे लक्षात तरी आहे तुझ्या. पत्र उशीच्या अभ्र्यात घालून स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याशी उभ्याने वाचलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ह्यांनी विचारलं असतं कोणाचं आलं, मोठ्याने वाच. काही गोष्टी माणसाला एकटीने वाचाव्याशा वाटतात.

हे बरे आहेत. डावी बाजू गेली ती गेलीच, जीभ मात्र शाबूत आहे. यात सुख मानायचं की दुःख ते तू ठरव. पलंगाच्या कठड्याला घंटी बांधलीय आणि तिची दोरी उजव्या हातात. कंडक्टरकीची सवय जाते थोडीच! एकदा वाजली म्हणजे ‘कुठे आहेस’, दोनदा वाजली म्हणजे ‘असशील तिथून नीघ’. जन्मभर बस हलवली, आता मला हलवतात.

तर घे तुझा रस्ता. कोपऱ्यावर शिंपी. अख्ख्या गावाच्या विजारी दोन बोटं आखूड शिवतो आणि वर म्हणतो, “चिखल लागायला नको.” परवाच मला म्हणाला, “बाई, साहेबांचा कोट तयार आहे, फक्त बाह्या राहिल्यात.” मी म्हटलं, मग तयार काय आहे, खिसे? त्याच्याशेजारी घड्याळवाला. ठार बहिरा, त्यामुळे टोल देणारी घड्याळंसुद्धा नुसती काट्यांवर भरवसा ठेवून दुरुस्त करतो. मग पावाची भट्टी. भट्टीवाली गिऱ्हाइकाचं तोंड बघून पाव काढते, आवडलं तर आजचा, नाही तर कालचा. मला अजून तरी आजचा मिळतो. समोरच्या अंगाला वाचनालय, त्याच्या पायरीवर दोन पेन्शनर एका वर्तमानपत्रावरून रोज भांडतात. पुढे मोठं झाड, खाली बाक, बाकाची एक फळी निघालेली. मग इस्त्रीवाला आणि शेवटी बसथांबा.

झालं का समाधान? आता साहेबाला म्हणावं, आमच्या मावशीला पगार द्या.

तुझी
मावशी


९ फेब्रुवारी

मावशी,

मला खूप राग आलाय आणि तो गिळून लिहायचं मी ठरवलं होतं, पण गिळला जात नाही.

तू लिहिलंस ते मी जसंच्या तसं नकाशावर टाकलं. साहेब खूश झाले. मग फिरत्याचा पाय बरा झाला आणि तो तुमच्या गावाला जाऊन तपासून आला. मावशी, त्या रस्त्यावर शिंपी नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. घड्याळवाला नाही, भट्टीच्या जागी गाड्या लावायचं आवार आहे. वाचनालय पाडून रस्ता रुंद केलाय, त्यात झाडही गेलं आणि बाकही गेला. तुझ्या सगळ्या यादीतला बसथांबा तेवढा खरा निघाला, तोही आता पलीकडच्या बाजूला आहे.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझा नकाशा भिंतीवर लावला आणि विचारलं, “हे कुठल्या जन्मातलं गाव?” लोक पोट धरधरून हसले. मला त्या कामावरून काढून नावं टंकायला बसवलंय.

तुझी चेष्टा झाली, माझा जीव गेला. परवाच शिंपी असं म्हणाला काय! का असं केलंस? मी तुझ्यावर भरवसा ठेवायला नको होता हेच खरं. आई गेली तेव्हाही मी दाराकडे डोळे लावून बसले होते. मावशी येईल, मावशी येतेच आहे, असं सगळ्यांना सांगत होते. तुझी एकुलती एक बहीण होती ती.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमे,

चेष्टा नव्हती गं. मी खाली उतरलेलेच नाही. कित्येक वर्षं नाही.

आमची जागा मागच्या अंगाला, तुला आठवत असेल. ह्यांच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे नळ दिसतात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच इमारतीची भिंत. किराणा दाराला अडकवून जातात. डॉक्टर घरी येतो. दूधवाला दूध देतो आणि माझी पत्रं पेटीत टाकतो. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, शिंपी आहे की नाही ते. मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

ह्यांची बाजू गेली तेव्हा सुरुवातीला उतरायचे. भाजी घेऊन येईपर्यंत हे घंटी वाजवून वाजवून घामाघूम झालेले असायचे. एकदा आले तर पलंगावर नाहीत. जमिनीवर पडलेले, एका हाताने स्वतःला ओढत दाराकडे निघालेले. हनुवटी फुटलेली. तेव्हापासून घंटी ऐकू येईल तिथवर मी. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत ऐकू येते, दुसऱ्या वळणावर येत नाही.

ताई गेल्याचं तू कळवलंस तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंना ह्यांच्यापाशी बसवलं, पिशवी भरली आणि निघाले. पहिल्या वळणावर दोन टोल पडले. वर गेले तर पाणी हवं होतं. बाई देत होत्या, पण ह्यांना माझ्याच हातचं हवं. परत निघाले, परत घंटी. तिसऱ्या खेपेला पिशवी खाली ठेवली ती ठेवलीच. त्या दिवशी मी ह्यांना खूप वाईट वाईट बोलले, मनातल्या मनात. ताईचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं ते राहिलंच, ठमे. भांडी घासताना अजून मध्येच हुंदका येतो, मग नळ मोठा सोडते.

रस्त्याचं म्हणशील तर रोज संध्याकाळी मी ह्यांना खालच्या गोष्टी सांगते. त्यांचा सगळा जन्म त्या रस्त्यावर आणि माणसांत गेला, आता नळ बघत पडायचं म्हणजे काय! म्हणून शिंपी असं म्हणाला, भट्टीवाली तसं म्हणाली, रोज काहीतरी नवं रचायचं. सांगता सांगता माझंही तिथे जाणं-येणं सुरू झालं. तुला लिहिताना खोटं लिहितेय असं मनातही आलं नाही.

तुझी नोकरी माझ्यामुळे अडचणीत आली. साहेबाला सांग, मावशी म्हातारी झालीय, तिला भ्रम होतो.

शिंपी मेला की दुकान बंद केलं? फिरत्याला कळलं का काही?

मावशी


२८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र कचेरीत फोडलं आणि डोळे पुसायला जिन्यात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं तुझ्यावर धुमसत होते आणि एकदा येऊन बघितलं नाही. माझ्यासारखी भाची कोणाला न मिळो.

आमच्या कामात एक गोष्ट शिकवतात. माणसाचं गाव म्हणजे नकाशावरचं गाव नव्हे. घरून निघून ठरल्या वेळेला परत यायचं तर जेवढं लांब जाता येतं, तेवढंच त्याचं गाव. काल मी तुझं गाव काढून बघितलं. पलंग, घरातला बोळ, ओटा, जिन्याचं एक वळण. आम्ही ज्या मापाने रस्ते काढतो त्या मापाने ते कागदावर टेकवलेल्या पेन्सिलीच्या टोकाएवढं झालं. मी तो कागद साहेबांना दाखवणार होते, नाही दाखवला.

शनिवारी येतेय. काकांपाशी मी बसणार आणि तू खाली जाणार. नाही म्हणायला तुझं पत्र वेळेत पोचणारच नाही, तेव्हा तो त्रास घेऊ नकोस.

तुझी
ठमी


१४ मार्च

ठमे,

नीट पोचलीस ना? त्या दिवशी निघताना तू धड बोलली नाहीस आणि मलाही सुधरत नव्हतं.

खाली काय झालं ते सांगते. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, इथला शिंपी कुठे गेला हो? तो पोरगेला मालक म्हणाला, “कोण शिंपी? चार्जर हवाय का?” पलीकडे जायचं होतं, पण गाड्यांमधून रस्ता ओलांडायची सवयच मोडलीय. एका बाईचा दंड धरला आणि गेले. तिला वाटलं असेल मी आंधळी.

बसथांब्यावर टेकले. बस आली. तुला म्हणून सांगते, चढले. कुठली म्हणून विचारलंही नाही. खिडकीशी बसले, वारा लागला आणि पोटातून असं हसू आलं की शेजारचा माणूस सरकून बसला. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे कंडक्टर म्हणाला, आजी, उतरा, गाडी इथवरच. उतरले आणि ठरवलं, परत जायचं नाही. माझ्या नकळत नव्हे, चांगलं ठरवून ठरवलं. ठमी आहे तिथे, ती बघेल.

मग तिथल्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिले. कोणाकडे जायचं तेच आठवेना. ताई असती तर ताईकडे गेले असते. म्हणून उशीर झाला.

हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि घंटी मात्र दुप्पट झालीय. आता तर त्यांच्या खोलीतून निघून बोळात पोचते तोवर वाजते. काय बोललीस तू त्यांच्याशी?

मावशी


२२ मार्च

मावशी,

मी काही बोलले नाही, काकाच बोलले. लिहू की नको असं करत इतके दिवस गेले, पण तुला कळायलाच हवं.

तू जिना उतरलीस आणि घंटी झाली. आत गेले. “मावशी कुठाय?” म्हटलं, खाली गेलीय काका, येईल. तर म्हणाले, “यात नवीन काय सांगितलंस? ती खालीच असते.”

मला वाटलं, गंमत करतायत. म्हटलं, अहो काका, ती स्वयंपाकघरात असते दिवसभर. तर हसले. म्हणाले, “तुलाही गुंडाळलं तिने. मला रोज संध्याकाळी सांगते की सगळं. शिंप्याकडे गप्पा, भट्टीवर गप्पा, बाकावर गप्पा. मी इथे नळ बघत पडलोय आणि बाई गावभर. भांडी वाजली की समजतो, आली वर. वाजली नाहीत की समजतो, रमली. मी घंटी ओढली नाही तर ती कशाला वर येईल? वर तिचं आहे काय?”

मावशी, त्यांना करमावं म्हणून तू रस्ता रचलास आणि त्या रस्त्याच्या भीतीने ते दोरी ओढतात. तुझ्या गोष्टी जितक्या रंगतात तितकी घंटी वाजते.

आता माझं ऐक. तुला उशीर झाला तेव्हा ते सारखे वाजवत होते आणि मी सारखी आत जात होते. पाणी दिलं, उशी सरळ केली, तरी वाजवत होते. अंधारायला लागलं आणि माझ्या मनात आलं, मावशी गेली पळून. आणि पहिला विचार तुझा नाही आला, माझा आला. आता इथे मी अडकले का? दारात तू दिसलीस तेव्हा मी इतकी सुटले की तुला मिठीसुद्धा मारली नाही. पुढच्या शनिवारी येते असं म्हणायचं होतं, ते न म्हणता चपला घातल्या. एका दुपारीत माझी ही गत झाली.

त्यांना खरं सांग. तू कुठेच जात नाहीस हे एकदा कळलं की घंटीचं कामच उरणार नाही.

ठमी


५ एप्रिल

ठमे,

तुझं आपलं सोपं आहे. खरं सांग म्हणे. आपल्याच पायावर आपणच धोंडा पाडून घेतला, तो आता उचलून त्यांच्या डोक्यात घालू?

पत्र वाचून आधी मी हसले. वेड्यासारखी हसले, ओट्याला धरून. ‘वर तिचं आहे काय’ म्हणे. मग त्या शिंप्याची, त्या भट्टीवालीची अशी चीड आली! ज्यांना मी शब्दाशब्दाने जिवंत ठेवलं, त्यांनीच मला कोंडून घातलं की गं. आणि ह्यांचा राग येतोय म्हणावं तर येत नाही. मी खाली मजा मारतेय असं समजून हा माणूस एवढी वर्षं पडून राहिला. मला एकदा विचारलं असतं. पण मी तरी कुठे विचारलं, का वाजवता म्हणून? तहान लागली असेल, कुशी बदलायची असेल, असं समजत राहिले.

पण खरं सांगितलं तर त्यांचा रस्ता जाणार. त्यांच्याकडे दुसरं काय आहे? त्यांचं अर्धं अंग गेलं तेव्हा मी समोर होते, ते दुसऱ्यांदा माझ्या तोंडाने व्हायला नको. मी सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस, तुला माझ्या गळ्याची शपथ.

त्या दुपारी तुझ्या मनात जे आलं त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. ते माझ्याही मनात रोज येतं.

मावशी


१७ एप्रिल

मावशी,

शपथ पाळते. पण एक काम केलंय. घरी येऊन आजारी माणसापाशी बसणाऱ्या बायका असतात, त्यातली एक शोधलीय. तुमच्याच गावातली, वयाने मोठी, आवाज खणखणीत. आठवड्यातून चार दिवस सकाळी येईल. काका ओरडले तर तीही ओरडते, असं तिच्या आधीच्या घरच्यांनी सांगितलं.

पाठवू का? नुसतं हो लिही.

ठमी


२० मे

मावशी,

महिना झाला, तुझी ओळ नाही. फोन केला तर नुसता वाजत राहतो, काकाही उचलत नाहीत. रागावलीस का? रागव, पण लिही. त्या बाईंना मी थांबवून ठेवलंय. काय झालंय तिथे?

ठमी


२ जून

ठमे,

काळजी करू नकोस, दोघंही आहोत. फोन मीच काढून ठेवला होता.

सांगितलं मी त्यांना. सांगायचं नव्हतं, पण एका संध्याकाळी विचारलं, “आज काय खाली?” आणि मला एक शब्द सुचेना. रोज सुचायचं, त्या दिवशी नाही. म्हटलं, मी खाली गेले नाही. म्हणाले, “काल?” कालही नाही. “परवा?” मग सगळंच सांगितलं.

आधी विश्वास बसेना. मग एकेक विचारत गेले, बसमध्ये थांब्यांची नावं पुकारायचे त्याच आवाजात. घड्याळवाला? नाही. वाचनालय? पाडलं. झाड? नाही. प्रत्येकाला मी नाही म्हणत गेले. शेवटी म्हणाले, “मग तू कुठे असायचीस?” म्हटलं, स्वयंपाकघरात. “सगळा वेळ?” सगळा वेळ. “मग मी वाजवायचो तेव्हा भिंतीपलीकडेच होतीस?” मी हो म्हटलं. त्यांना रडायलासुद्धा अर्धंच तोंड आहे गं. ते बघवेना, म्हणून दिवा लावायला उठले आणि दिव्याशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर उजव्या हाताने आणि दातांनी घंटीची गाठ सोडलेली. घंटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जा. कुठे जायचं तिकडे जा. मी हाक मारणार नाही.” चेहऱ्यावर राग नव्हता. मी हातपाय धुतले, पिशवी घेतली आणि निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण. दुसऱ्या वळणावर कान देऊन उभी राहिले. काहीच नाही. आता कधीच काही ऐकू येणार नव्हतं, ते पडले तरी नाही, जीव घाबरला तरी नाही, कारण त्यांनी शब्द दिला होता आणि हा माणूस शब्दाचा पक्का आहे. धावत वर आले. ते डोळे उघडे ठेवून पडले होते. “आलीस का लगेच?” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांच्याच खोलीत बसते. खुर्ची पलंगाला लावलीय. भाजी तिथेच चिरते, रात्री तिथेच खुर्चीत डुलकी काढते. चहा टाकायला गेले तरी दोनदा येऊन छाती हलतेय का बघते. ते म्हणतात, अगं जा ना आत, मला काही नको. मला जाता येत नाही. घंटी होती तोवर स्वयंपाकघर तरी माझं होतं, ठमे.

तुला एवढे दिवस लिहिलं नाही कारण खोलीत लिहायला बसले की ते विचारतात, कोणाला लिहितेस? आणि आता मला त्यांच्याशी खोटं बोलवत नाही. आत्ताही समोरच आहेत. त्यांना सांगितलंय, ठमीला लिहितेय, बाई पाठव म्हणून. त्यांनी मान हलवली.

तर त्या खणखणीत बाईला पाठव. उद्याच पाठव. ती आली की मी तिला दारातून परत पाठवीन, हे मला आत्ताच माहीत आहे. म्हणीन, आमचं ठीक चाललंय, गरज नाही. तिला सांगून ठेव, ही बाई काहीही म्हणाली तरी आत शिर. मग मी तुला पत्र लिहीन. त्यात लिहीन की मी आता रोज खाली जाते, मोबाइलवाल्याशी ओळख झाली, तो असा म्हणाला, तो तसा म्हणाला, तू उगाच येऊ नकोस. फार छान पत्र असेल ते. ते पोचलं की पहिल्या गाडीने नीघ.

तुझी
मावशी